चार बोटं चांगलं

तुमचे आजोबा खुर्चीत बसताना उजवा पाय लांब का ठेवतात, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. पहिल्यापासून सांगते.

गुलाबी बोंडअळीनं आमच्या घाटंजीकडची कपाशी पोखरली, त्या वर्षीची गोष्ट. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची एक पुडी येई. ती शेताच्या कडेनं पेरायची, म्हणजे काही अळ्या तिच्यावर जगतात आणि मुख्य बियाण्यातल्या विषाची अळीच्या जातीला सवय होत नाही. आजोबा ती पुडी कोनाड्यात टाकून देत. "अळीसाठी कायले चार ओळी सोडू?" सगळं गाव तेच करी.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याच्या वर दुखू लागलं. नागपुरात कळलं, मांडीच्या हाडात कर्करोगाची गाठ आहे आणि ती औषधानं जाणारी नाही. सर्जनबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चित्र काढून समजावलं: गाठीला सुरी लागता कामा नये, भोवतीचं चार बोटं चांगलं हाड आणि थोडं मांसही तिच्यासोबत काढायचं. पाय वाचेल, पण गुडघा वाकणार नाही.

आजोबा बाजारात बसल्यासारखे पुढे सरकले. "मॅडम, चार बोटं चांगलं म्हंजे लय झालं. दोन बोटात जमवा ना."

"काका, कडेला थोडा जरी रोग राहिला तर गाठ परत येऊ शकते. मग पाय काढावा लागेल, आणि तेवढ्यानं भागेलच असं नाही."

"मंग मांडी घालून जेवाले बसता येनार नाही?"

"नाही. पण जेवाल."

मला हसू आलं. हे म्हणाले, "तुले काय, तू कॉन्व्हेंटची, टेबलावर जेवनारी." माझा हात मात्र सोडला नाही.

काढलेलं हाड मऊ करून मगच त्याच्या कडा तपासतात, म्हणून ऑपरेशननंतर अहवालाला वेळ लागला. मी त्यांची नखं कापली, संत्री सोलली. एका सकाळी बाई दारातूनच म्हणाल्या, "काका, कडा स्वच्छ आहेत." यांनी चादर तोंडावर ओढून घेतली. मी तांब्या घेऊन पाणी आणायला गेले. तो भरलेलाच होता.

पुढच्या पेरणीला हे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खुर्ची टाकून बसले आणि पुडी फोडून गड्याला दिली. "कडेनं पेर. पुऱ्या चार ओळी."

शेजारचा शेतकरी हसला. "अळीले जेवन घालून राह्यले का, भाऊ?"

"हो. जेवू दे."

तुम्ही याल तेव्हा त्या खुर्चीसमोरची जागा मोकळी ठेवा. ती त्यांच्या पायाची आहे.