मांडीवरचं हँडल

आमच्या शेडमधला लोखंडाचा कीस मी रोज झाडून टाकते. किस्से मात्र कितीही झाडले तरी कोपऱ्यात साठतातच!

मी एकदा पडले, तेव्हापासून माझा उजवा हात खांद्यातून वर उचलला जात नाही. स्कूटरच्या नेहमीच्या हँडलपर्यंत हात पोचत नाही. "आता मागं बसायचं," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला न विचारता! मग मी पण ठरवलं. गाडी घरीच बांधायची, हँडल मांडीजवळ आणायचं आणि तिथून पुढच्या चाकापर्यंत रॉड जोडायचा. दीर सुरेश वेल्डिंग करतो, शेजारचे युसूफचाचा लेथ चालवतात. आणखी काय पाहिजे?

*

सुरेशला कल्पना समजेना. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या, टाचण्यांनी जोडून नमुना केला. एक पट्टी ओढली की दुसरी वळायची.

"वैनी, वरात कुणाची काढताय?"

"माझीच!"

*

रॉडची दोन टोकं दोन पट्ट्यांना जोडायची होती. एक हँडलखाली, एक चाकापाशी. चाचा म्हणाले, "दोनो उल्टे हात को लगाव." म्हणजे दोन्ही डाव्या बाजूला. सुरेशनं ऐकलं फक्त 'उल्टे'. एक डावीकडं लावली, दुसरी तिच्या उलट, उजवीकडं!

पहिल्याच फेरीत मी हँडल डावीकडं वळवलं आणि गाडी उजवीकडं, थेट शेजारच्या लक्ष्मीअक्कांच्या वाळत घातलेल्या टॉवेलांत.

"अगं, वळ की!" अक्का ओरडल्या.

"मी वळतेय की! गाडीला सांगा!"

त्या दिवशी सुरेश म्हणाला, "सोडा वैनी, न्हाय जमत." मी टॉवेल धुऊन दिले आणि ग्राइंडर त्याच्या हातात दिला. "काप. परत लाव."

*

पट्टी डाव्या बाजूला आली, पण जोड खुळखुळायला लागला. हँडल हलवलं तरी चाक जागचं हलेना.

"एवढं लूज चालतंय की, वैनी."

"संसारात चालतंय. स्टिअरिंगमध्ये नाही!"

चाचा इतके हसले की लेथ बंद करावी लागली. मग त्यांनी जोडात घट्ट बसेल अशी नवी पिन लेथवर करून दिली.

*

आमचे हे रोज शेडच्या दारात यायचे. "कशाला हा उद्योग? मी सोडतो की तुला कुठंबी."

"सोडता. पण निघायचं कधी, ते तुमचा हॉर्न ठरवतो!"

*

शेवटी गाडी घरामागच्या मैदानावर काढली. सुरेश शेजारून पळत होता. "हळू, वैनी, हळू!" मी डावीकडं वळवली, डावीकडं वळली. उजवीकडं वळवली, उजवीकडं वळली. मैदानातल्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत आले, तेव्हा सुरेश कुठंतरी मागं धापा टाकत होता.

हे बनियनवरच बाहेर आले होते. गाडीभोवती फिरले, रॉड हलवून बघितला. मग हळूच म्हणाले, "मलाबी एक चक्कर मारून आण की."

पाय टाकायला गेले आणि थबकले. "अगं, बसू कुठं?"

सुरेशनं कपाळावर हात मारला. "वैनी, मागची सीट करायची राहिलीच की!"

"राहिली नाही, केलीच नाही," मी म्हटलं आणि गिअर टाकला.