शंभरातून सात

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक सॉफ्टवेअर इंजिनिअर एका पायावर उभा राहून शंभरातून सात-सात वजा करत होता आणि शहाऐंशीपर्यंत येता येता त्याची जीभ बाहेर आली होती. अमेरिकेतल्या एका बँकेचे व्यवहार आपण सांभाळतो, असं त्याने आल्या आल्या, मी विचारलेलं नसताना, सांगितलं होतं. त्या बँकेत आपलं खातं नाही याचं मला फार बरं वाटलं.

शतक नुकतंच बदललं होतं. हडपसरला उसाच्या शेतांच्या जागी काचेच्या इमारती येत होत्या आणि पुण्यात घरटी एक मुलगा संगणकाच्या क्लासला जात होता. मी फिजिओथेरपी शिकत होते. 'म्हणजे मालिश ना?' असं आमचे नातेवाईक विचारायचे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मॅडमनी विषय दिला होता: डोक्याला काम दिलं की तरुण माणसाच्या तोलावर आणि उभं राहण्यावर काय परिणाम होतो. त्यासाठी तरुण, धडधाकट माणसं हवी होती. हडपसरच्या एका कंपनीतल्या एचआरवाल्याने दर शनिवारी आपली माणसं पाठवायचं कबूल केलं. आली ती तरुण होती, एवढी अट पूर्ण झाली.

मान कोंबड्यासारखी पुढे, खांदे आत, पोट बाहेर, गळ्यात कंपनीचं कार्ड. ते कार्ड ही मंडळी भाजी आणायला आणि लग्नाच्या पंगतीलासुद्धा घालून जात. गळ्यात पट्टे बांधून मिरवायची पद्धत तोवर आमच्याकडे बैलपोळ्यापुरती होती. मी त्यांना ते काढायला लावायची, कारण उभं राहणं तपासताना मानेवर काही नको असतं. काढताना एकेकाचा चेहरा असा व्हायचा, जणू मी त्यांना कपडेच उतरवायला सांगितलेत.

आमचं साधन अगदी साधं होतं. कमरेला पट्टा, पट्ट्याला मागून एक आडवी दांडी, दांडीच्या टोकाला बॉलपेन, आणि पेनखाली टेबलावर आलेखाचा कागद. माणूस जितका डुलेल तितक्या कागदावर रेघोट्या. आधी दोन्ही पायांवर नुसतं उभं राहायचं, मग उभ्या उभ्या मोठ्याने वजाबाकी करायची, मग तेच एका पायावर. 'यात सेन्सर कुठे आहे?' असं प्रत्येक जण विचारायचा. पेन आहे म्हटल्यावर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडायचा.

एका पायावर त्यांची जी तऱ्हा व्हायची ती बघायला मी तिकीट लावायला हवं होतं. जे जरा चलाख होते ते गणित सोडून द्यायचे आणि पाय वाचवायचे. वर विचारायचे, 'पण मी स्थिर होतो ना?' होतास बाबा, दगडही असतो. मला नवल वाटलं ते दोन पायांचं. नुसतं उभं राहा म्हटलं की त्यांचं सगळं लक्ष आपल्या पायांकडे जायचं आणि लक्ष गेलं की पाय बिथरायचे. वजाबाकी सुरू झाली की तेच पाय निमूट उभे राहायचे. मॅडमना हे पटेना. डोक्याला काम दिलं की माणूस डुलला पाहिजे, असं त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. 'असं येत नाही, परत घे,' त्या म्हणाल्या. कागद खोटा आणि मॅडम खऱ्या, हा आमच्या कॉलेजातला पहिला धडा होता.

उभं कसं राहायचं हे मला मात्र कॉलेजात नव्हे, घरात शिकवलं गेलं होतं. पप्पा खडकीला संरक्षण खात्यात हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यावर आम्ही तिथलं क्वार्टर सोडून विश्रांतवाडीला फ्लॅटमध्ये राहायला आलो. आमच्या आजोबांना गावात चार लोकांसमोर नजर जमिनीला लावून, वाकून उभं राहावं लागायचं. दीक्षा घेतली त्या दिवशी ते जे सरळ उभे राहिले ते मरेपर्यंत. ही गोष्ट पप्पा आम्हाला जेवताना, अभ्यास करताना, आणि विशेषतः आमची पाठ जरा कुठे वाकली की सांगायचे. 'मान वर,' एवढे दोन शब्द आमच्या घरात दिवसभर ऐकू यायचे. शाळेच्या ग्रुप फोटोत मी आणि माझा मोठा भाऊ लगेच ओळखू येतो. बाकीची मुलं फोटो काढून घेतायत आणि आम्ही राष्ट्रगीताला उभे आहोत.

म्हणून त्या इंजिनिअरांचा मला नुसता कंटाळा नव्हता, तिटकारा होता. ज्यांच्या माना वाकवायला कुणीही आलं नव्हतं, त्यांनी त्या आपणहून वाकवून घेतल्या होत्या आणि वर पेढे वाटले होते. त्यांच्यातच आमचा दादाही होता. आमच्या सगळ्या नात्यागोत्यातला पहिला इंजिनिअर. हडपसरच्याच दुसऱ्या एका कंपनीत लागला आणि दोन वर्षांत विळ्यासारखा झाला. पप्पा त्यालाही 'मान वर' म्हणायचे, पण पहिल्या पगारानंतर जरा हळू आवाजात.

आपलं नाव ऑनसाइटसाठी पाठवलंय, असं दादा एकदा जेवताना बोलून गेला. ऑनसाइट म्हणजे अमेरिका. पप्पांनी ते गिरणीवाल्यापासून विहारापर्यंत सगळ्यांना सांगितलं. विहाराच्या अध्यक्षांना सत्कार करायला माणूस हवाच असायचा. रविवारी वंदनेनंतर दादाचा सत्कार करायचं ठरलं. 'अजून काही नक्की नाही, पप्पा,' दादा दोनदा म्हणाला. पप्पांना ती नम्रता वाटली. आमच्या दादाकडे आणि नम्रता!

एवढं मात्र खरं की त्या दिवसांत तो घरात जरा गोड वागत होता. रोज संध्याकाळी हडपसरहून ताजी मेथी, नाहीतर कोथिंबीर आणायचा. टीममधल्या एकाचं शेत आहे, म्हणायचा. 'कंपनीत गेला पण घराला विसरला नाही,' असं आई शेजारणींना ऐकवायची.

सत्काराच्या आदल्या शनिवारी एचआरवाल्याने माणसंच पाठवली नाहीत. फोन केला तर म्हणाला, 'सध्या इकडे जरा गडबड आहे, मॅडम.' मला कुणीतरी हवंच होतं. दादा घरात लोळत होता. त्याला रिक्षात घालून कॉलेजात नेलं.

'गळ्यातलं काढ,' मी म्हटलं.

'राहू दे ना. त्याचं काय ओझं होणारे?'

'सगळ्यांना काढायला लावते मी. तू काय वेगळा लागून गेलास?'

कार्ड तो नेहमी शर्टच्या खिशात खोचून ठेवायचा. मी पट्टा धरून ओढला. त्याच्या टोकाला कार्ड नव्हतंच. नुसता चिमटा होता.

'डेस्कवर राहिलं,' तो म्हणाला.

मी पट्टा टेबलावर ठेवला, त्याच्या कमरेला दांडी बांधली आणि म्हटलं, 'आता नुसता उभा राहा. काही करू नकोस.'

एवढे लोक मी तपासले होते, पण असा कागद माझ्या हाती आला नव्हता. पेन सैरावैरा पळत होतं. दोन पाय जमिनीवर, डोळे उघडे, आणि आमचा दादा बोटीत उभा असल्यासारखा हलत होता. 'पिऊन आलायस का रे?' मी विचारलं. तो हसला नाही. मी नवा कागद लावला आणि म्हटलं, 'शंभरातून सात.'

'त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर.' पेन जागच्या जागी थांबलं. खांदे खाली आले. मान, ती विळ्यासारखी मान, आपोआप वर गेली. शेवटच्या दोनवर पोचून तो थांबला आणि पेन पुन्हा पळायला लागलं.

'परत घाल,' तो म्हणाला.

'झालं की. काम झालं माझं.'

'घाल गं. काहीही घाल. तेरानी घाल.'

तेव्हा मी पेन उचललं आणि त्याच्याकडे नीट बघितलं. 'कार्ड कुठाय, दादा?'

'घेतलं त्यांनी. दिवाळीच्या आधीच.' दांडी कमरेला तशीच होती आणि तो भिंतीकडे बघत बोलत होता. 'अमेरिकेत मंदी आली. प्रोजेक्ट गेला. आधी आम्हाला बेंचवर बसवलं. मग बेंचही काढून घेतला.'

काम नसलेल्या माणसाला त्यांच्याकडे बेंचवर बसलेला म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या शाळेत बेंचवर उभं करायचे, तेही वर्गातल्या ढ पोरांना.

'मग रोज सकाळी डबा घेऊन जातोस कुठे?'

'हडपसरलाच. सायबर कॅफेत अर्ज टाकतो. मग मंडईत बसतो.'

'आणि मेथी?'

'मंडईतलीच.'

मला त्याची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला राग आला, आणि तो सगळा त्याच्यावरच निघाला. नोकरी गेली ती गेली. पण रिकामा चिमटा गळ्यात घालून बसस्टॉपवर उभं राहायचं? कार्ड नाही हे लोकांना दिसायला नको आणि पट्टा दिसायला हवा म्हणून खिशात टोक खोचायचं? ज्या कंपनीने हाकलून दिलं, तिचं दावं घरातसुद्धा गळ्यातून काढवत नाही? हे सगळं मी त्याला बोलले. 'उद्या सत्काराच्या आत तू पप्पांना सांग, नाहीतर मी सांगते,' असंही म्हटलं. तो हो म्हणाला. घरी जाऊन सत्काराचा शर्ट इस्त्री करत बसला.

रविवारी सकाळपर्यंत त्याने काही सांगितलं नाही. मीही नाही. पप्पांनी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते आणि विहाराच्या वाटेवर भेटेल त्याला ते थांबून जयभीम घालत होते. आज त्यांना घाई नव्हती. कुणाकुणाला ते दुसऱ्यांदा थांबवत होते. मध्येच तोंड घालून त्यांना काय सांगणार?

वंदना झाली. दादाला पुढे बोलावून माईकशेजारी उभं केलं. अध्यक्ष बोलायला लागले. एका मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यापासून त्यांना ऐकायला माणसं मिळत नव्हती, त्यामुळे समोर बसलेला समाज ते सहजासहजी सोडत नसत. संगणक, समाज, सातासमुद्रापार, असं त्यांचं चाललं होतं. पप्पा शेजारी शाल घेऊन उभे होते. आणि दादाला काहीच काम नव्हतं. त्याला नुसतं उभं राहायचं होतं.

मी पहिल्या रांगेत होते. त्याचे घोटे आधी हलले, मग गुडघे, मग खांदे. पांढऱ्या शर्टातला तो एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर डुलत होता. मागून कुणीतरी म्हणालं, 'उपाशी आला वाटतं.' तो आता पडतो की काय, असं वाटून मी पुढे वाकले आणि जेमतेम त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, 'शंभरातून सात.'

'त्र्याण्णव,' दादा म्हणाला. माईक त्याच्या तोंडासमोर होता. विहारभर त्र्याण्णव घुमलं.

अध्यक्ष थांबले. 'काय म्हणालात आपण?'

दादा स्थिर झाला होता. मान वर होती. 'माझी नोकरी गेली,' तो माईकमध्येच म्हणाला. 'दिवाळीच्या आधीच. अमेरिकेला मी जात नाहीये. पप्पांना माहीत नव्हतं.'

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर भाषण अर्धवट राहिल्याचं दुःख तेवढं स्पष्ट दिसलं. मग बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला, 'म्हणजे ती मेथी विकतची होती?' लोक हसले. पप्पा हसले नाहीत. त्यांनी शालीची घडी केली, कडेला कड लावून, आणि ती अध्यक्षांच्या हातात परत दिली.

आई बायकांच्या घोळक्यात अडकली. आम्ही तिघं बाहेर पडलो. पप्पा नेहमीसारखे पुढे होते. विहाराच्या पायऱ्यांवर उभं राहून लोक आमच्याकडे बघत होते. ज्यांना सकाळी दोनदा जयभीम घातला होता, तेही. तोंडाने 'होईल सगळं नीट' म्हणत होते आणि घरी जाऊन कुणाला सांगू असं त्यांना झालं होतं. असल्या सहानुभूतीपेक्षा शिव्या बऱ्या.

आळंदी रस्ता ओलांडायला आम्ही थांबलो. ट्रक, रिक्षा, सहा आसनी, एकामागून एक चालूच होत्या. पप्पा कडेला उभे होते, हात बाजूला, समोर बघत. मला तपासायची सवय लागली होती म्हणून मला दिसलं. आधी घोटे. मग गुडघे. पप्पा डुलत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तसं बघत होते.

दादाने त्यांचा दंड धरला. 'सोड,' पप्पा म्हणाले. 'मला काय झालंय?'

दादाने हात काढला. मग रस्त्याकडेच बघत म्हणाला, 'पप्पा, शंभरातून सात?'

पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळ्या रस्त्यादेखत ते त्याला झापणार.

'हिशेबनीसाला विचारतोस?' ते म्हणाले. मग म्हणाले, 'त्र्याण्णव.' आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, 'शहाऐंशी.'

'एकोणऐंशी,' दादा म्हणाला.

'बहात्तर.'

'पासष्ट.'

रस्ता मोकळा झाला होता. पलीकडून एक बाई हातात पिशवी घेऊन आमच्या बाजूला आलीसुद्धा. आमच्यातल्या कुणीच पाऊल उचललं नाही.

'अठ्ठावन्न,' पप्पा म्हणाले आणि मान वर केली.