विहिरीवरची कबुली

ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते, पण तिचा पुरता उलगडा आजही झालेला नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पोळा होऊन गेला होता, गणपती तोंडावर आले होते. मंडळांच्या कार्यकर्त्यांची बैठक बोलवायची होती, त्या गडबडीत आम्ही होतो. ठाणे अंमलदारानं फोन उचलला, थोडा वेळ ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, पोलीस पाटील बोलू राह्यले. काय म्हणतेत ते समजंना."

मी फोन घेतला. केदारखेड्याच्या अलीकडच्या एका गावचा पाटील होता. एरवी तोलूनमापून बोलणारा माणूस, त्या दिवशी धापा टाकत होता.

"साहेब, जल्दी या. मास्तरच्या मळ्यातल्या बंगल्यावरची माणसं येडी झाली."

"येडी झाली म्हणजे? भांडण झालं का?"

"भांडण न्हाई साहेब. एक बाई भिंतीसंगं बोलू राह्यली. दुसरी हवेतले धागे तोडू राह्यली. अन् शेठ सापडंना."

मी स्टेशन डायरीला नोंद करायला लावली, दोन शिपाई घेतले आणि जीप काढली. वाटेत पाटलाच्या बोलण्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला, पण काही लागला नाही.

बंगला म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे आणि पुढे ओसरी. गावकरी थट्टेनं त्याला बंगला म्हणत. जमीन मास्तरची. मास्तर मूळचा तिथल्याच शेतकरी घरातला, आता जालन्यात एका हायस्कूलमध्ये शिक्षक. शेठ त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जुन्या जालन्यात त्याचं कापडाचं दुकान होतं, घराणं पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. या खोल्या दोघांनी मिळून बांधल्या होत्या. शनिवार-रविवार बायकामुलांना घेऊन यायचं, चुलीवर स्वयंपाक करायचा, लिंबाखाली पत्ते कुटायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर मास्तरची बायको भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी चहाचा आग्रह करत होती. शेठाणी पदराचे नसलेले दोरे उपटत होती. दोघींचे चेहरे लालबुंद, ओठ कोरडे, बुबुळं एवढी मोठी झालेली की डोळे नुसते काळे दिसत होते. आतल्या खोलीला आतून कडी होती. मास्तरच्या थोरल्या मुलीनं आधी शेजारच्या मळ्यात धावत जाऊन लोकांना बोलावलं होतं, आणि मग लहान भावंडांना आणि शेठच्या मुलांना घेऊन आत बसली होती. पोरं सगळी शुद्धीवर होती.

मास्तर विहिरीच्या काठावर बसला होता. मला पाहून त्यानं दोन्ही हात पुढे केले, बेड्या घाला म्हटल्यासारखे.

"मी ढकललं त्याला," तो म्हणाला. "शेठला. आत गेला तो."

विहीर पावसाळ्यानं भरलेली, पाणी हिरवं आणि गप्प. काठावर शेठची एक चप्पल होती. पोहऱ्याचा दोर एका टोकानं लिंबाला बांधलेला होता, बाकीचा चिखलात पडला होता. मी सगळं पंचनाम्यात घेतलं आणि गावातले दोन पट्टीचे पोहणारे आत उतरवले. त्यांनी बुड्या मारल्या, गळ टाकून पाहिले. काही लागलं नाही. एक जण वर येऊन म्हणाला, "खाली गाळ लई हाय साहेब. पाणी उपसल्याबिगर सांगता यायचं न्हाई."

मी मुलीला बाजूला घेतलं. ती घाबरली होती, पण बोलली नीट. "जेवण झाल्यावर आई कायबी बोलू लागली. मंग बाबा अन् शेठकाका विहिरीकडं गेले. बाबा वरडत होते."

"काय ओरडत होते?"

"सांग, सांग, असं म्हणत होते."

"काय सांग?"

तिला ते माहीत नव्हतं. पाटलाला माहीत होतं. तो मला लिंबाच्या पलीकडे घेऊन गेला. मास्तर आणि शेठ कॉलेजात असताना मास्तरचा धाकटा भाऊ याच विहिरीत बुडाला होता. त्या दिवशी पाण्यात दोघंच होते, भाऊ आणि शेठ. शेठ वर आला, भाऊ आला नाही. मास्तर तेव्हा वरच्या वावरात होता. पुढं दोस्ती तुटली नाही, उलट वाढली. पण पाटील म्हणाला, "त्या दिसाबद्दल दोघं कधी एक शब्द बोलले न्हाईत साहेब. मास्तर इथं येतो, पण खुर्ची टाकतो ती विहिरीकडं पाठ करून."

आता माझ्यासमोर हेतू होता, कबुली होती, चप्पल होती आणि मुलीनं ऐकलेला आरडाओरडा होता. कुणाही तपास अधिकाऱ्याला एवढं पुरलं असतं. पण माझ्या डोक्यात ते बसत नव्हतं. खून करणारा माणूस आपल्याच बायकोला भिंतीशी बोलायला कसा लावील?

सगळ्यांना ग्रामीण रुग्णालयात हलवलं. उरलेलं जेवण पातेल्यासकट जप्त केलं. वैद्यकीय अधिकारी तरुण होता, पण डोळे पाहताच त्यानं विचारलं, "काय खाल्लं यांनी?" भाकरी, बटाट्याची भाजी आणि पालेभाजी. पोरांनी पालेभाजीला हात लावला नव्हता. डॉक्टरनं पातेल्यातला पाला चिमट्यानं पसरून पाहिला. "यात धोत्रा असावा. नक्की रासायनिक तपासणीतच कळेल. पण आज हे जे काही बोलतील त्यावर जाऊ नका साहेब." मास्तर जबाब देण्याच्या स्थितीत नाही, असा अभिप्राय त्यानं लिहून दिला.

तोवर शेठचा भाऊ जालन्याहून गाडीभर माणसं घेऊन आला. रुग्णालयाच्या आवारात त्यानं मला गाठलं.

"साहेब, तो स्वतः बोलू राह्यला, अन् तुम्ही त्याला खाटेवर झोपवलं? खुनाचा गुन्हा घ्या. भाजीत पण त्यानंच घातलं असंल."

"मग स्वतः कशाला खाल्ली?"

"ते तुम्ही शोधा. माझा भाऊ कुठं हाय ते सांगा."

मास्तरच्या गावची माणसंही जमली होती. दोन्हीकडचे आवाज चढू लागले तसे मी दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं, की सकाळी विहीर रिकामी करतो, तोवर कुणाचंही नाव मी आरोपी म्हणून लिहिणार नाही. शेठची नोंद मिसिंगमध्ये घेतली. शेठच्या भावानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी विकला गेलो आहे.

सकाळी दोन इंजिनं लावून उपसा सुरू झाला. मी बांधावर फिरत होतो. भाजीचा तांदुळजा माजलेला होता आणि त्याच्यातच मिसळून धोत्र्याची कोवळी रोपं उगवली होती. फूल नाही, बोंड नाही, नुसती पानं. घाईनं खुडणाऱ्याच्या मुठीत दोन्ही सहज आली असती. रुग्णालयात शेठाणी थोडी भानावर आली होती. तिनं शिपायाला सांगितलं, की भाजी तिनं आणि मास्तरच्या बायकोनं मिळून खुडली. "शहरात अशी ताजी कुठं मिळते, म्हणून मीच हौसेनं जास्त तोडली," असं म्हणून ती रडायला लागली. विषप्रयोगाचा संशय तिथंच संपला. पण शेठ सापडला नव्हता.

विहिरीत तळ दिसू लागला. काठावर शेठचा भाऊ उभा होता. गाळात काठ्या खुपसून पाहिल्या. जुना पोहरा निघाला, दगड निघाले. माणूस नव्हता. शेठच्या भावाला सुटल्यासारखं वाटलं की आणखी भीती वाटली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. माझं तर सगळंच गणित फिसकटलं. कबुली देणारा खोटं बोलत नव्हता, त्याच्या डोळ्यांत मी ते पाहिलं होतं. आणि विहीरही खोटं बोलत नव्हती.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून बाया हाका मारत आल्या. कपाशीत कुणी तरी पडलं होतं.

शेठ होता. अंगभर चिखल, एका पायात चप्पल नाही, ओठ फुटलेले. कपाशीच्या झाडाला "भाव काय लावला" म्हणून विचारत होता. आम्ही त्याला उचलून जीपमध्ये घातलं. सदरा वर सरकला तेव्हा दिसलं, दोन्ही काखांखालून छातीवर दोराचा लालभडक वळ उठला होता.

डॉक्टरनं तो वळ पाहिला आणि मला मास्तरच्या खाटेपाशी नेलं. त्याचे तळहात उलटून दाखवले. काल चिखलानं माखले होते म्हणून दिसले नव्हते. धुतल्यावर दिसलं, की दोन्ही तळव्यांची सालपटं निघाली होती. "हे दोर ओढल्यानं झालंय," डॉक्टर म्हणाला. "आणि जोरानं ओढल्यानं."

म्हणजे मास्तरनं त्याला बाहेर काढलं होतं. लिंबाला बांधलेला दोर खाली सोडून, तो शेठनं अंगाभोवती घेतल्यावर, स्वतः धोत्र्याच्या अमलाखाली असताना, धिप्पाड माणूस वर ओढला होता. आणि शेठ वर येताच भ्रमात ओढा ओलांडून निघून गेला असणार.

धोत्र्याचा अंमल पुरता उतरायला वेळ गेला. दोघं बोलण्याजोगे झाले तेव्हा मी आधी मास्तरचा जबाब घेतला. शुद्धीवर आलेला माणूस आपलं बोलणं फिरवील अशी माझी अपेक्षा होती. त्यानं ते तसंच ठेवलं.

"साहेब, मला अटक करा. त्याची पाठ माझ्या हातांना लागलेली मला आठवती."

"आणि दोर?"

"कोणता दोर?"

"तुमचे हात बघा."

त्यानं पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. त्याला काही आठवत नव्हतं. जे केल्याचा पुरावा हातावर होता ते त्याला आठवत नव्हतं, आणि ज्याचा कुठंच पुरावा नव्हता ते स्पष्ट आठवत होतं. डॉक्टर म्हणाला, या विषात माणसाला न घडलेलंही घडल्यासारखं दिसतं. "म्हणजे ढकललं नाही?" मी विचारलं. "तसंही मी म्हणू शकत नाही," तो म्हणाला.

मग राहिला शेठ. त्याच्या जबाबाच्या वेळी मास्तर शेजारच्या खाटेवर होता. नियमानं दोघांना वेगळं ठेवायला हवं होतं, पण शेठ म्हणाला, "त्याला राहू द्या. मी त्याच्यासमोरच बोलीन."

मी विचारलं, "विहिरीत तुम्ही कसे गेलात?"

"मला न्हाई माहीत. त्याचा भाऊ पाण्यातून हाका मारू राह्यला, एवढंच मला दिसत होतं."

"यांनी ढकललं का?"

शेठ माझ्याशी न बोलता मास्तरकडे वळला.

"मास्तर, तू विचारू राह्यला होतास ना, सांग म्हणून? ते मला आठवतं. त्या दिवशी तुझ्या भावाच्या पायात गोळा आल्ता. मी त्याचा हात धरला. बराबर धरला होता. मंग तो मला बी खाली ओढू लागला." त्याची नजर मास्तरच्या हातांवर गेली. "मी हात सोडला. मी सोडला म्हणून वर आलो."

लेखनिक शिपायानं लिहिणं थांबवलं होतं. मीही त्याला लिही म्हणालो नाही.

"अन् परवा तू दोर धरला होता," शेठ म्हणाला. "चामडी गेली तरी न्हाई सोडला. तुला ढकलल्याचं आठवत असंल तर आठवू दे. मला बिलकुल विचारू नका साहेब, मी त्याच्याविरुद्ध एक अक्षर देणार न्हाई."

मास्तर खाटेवरून उतरला. मला वाटलं आता हा काय करतो, म्हणून मी खुर्चीवरून अर्धा उठलो. तो शेठच्या खाटेवर टेकला आणि म्हणाला, "एवढंच होतं तर आधी काऊन न्हाई सांगितलं रे?"

"तू विचारलं न्हाई."

"मला भ्या वाटायचं."

"मला बी."

मी शिपायाला घेऊन बाहेर आलो. व्हरांड्यात शेठचा भाऊ उभा होता. आतलं सगळं त्यानं दारातून ऐकलं होतं. तो मान खाली घालून दोघांसाठी चहा सांगायला गेला.

पुढे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल धोत्र्याचाच आला. अनवधानानं विषारी वनस्पती खाण्यात आल्याचं लिहून मी कागद वरिष्ठांकडे पाठवले आणि प्रकरण बंद झालं. कायद्याच्या दृष्टीनं त्यात काही शिल्लक नव्हतं.

नोकरीत मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या. मार खाण्याच्या भीतीनं दिलेल्या, दुसऱ्याला वाचवण्यासाठी दिलेल्या, आणि खऱ्याही. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, याचा तरुणपणी मला राग यायचा. या प्रकरणानंतर तो राग गेला. माणूस जे केलं ते सांगतो, तसंच जे करावंसं वाटलं तेही त्याच आवाजात, त्याच डोळ्यांनी सांगतो, आणि ऐकणाऱ्याला दोन्हीतला फरक ओळखता येईलच असं नाही. सांगणाऱ्यालाही येत नाही. म्हणून त्यानंतर कुणी "मी केलं" म्हणालं, की मी आधी त्याचे हात पाहायचो आणि मग पुढचा प्रश्न विचारायचो.

मास्तरनं शेठला ढकललं होतं का? मला माहीत नाही. त्या दोघांनाही माहीत नाही. पण निरोप घेताना मी हेच मास्तरला म्हणालो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मी ढकललं असंलच, असं धरून चालतो मी. म्हणजे पुन्हा कुणाला काही विचारायचं मनात राह्यलं, तर ते मी जल्दी विचारीन."