क्रेनच्या पायाखालच्या फळ्या

पेणच्या रामवाडीत दिनानाथला नावानं कमी आणि क्रेनवाला म्हणून जास्त ओळखतात. बावीस वर्षं तो ट्रकवरची हायड्रॉलिक क्रेन चालवतो आणि ती कशी चालते हे न विचारता सांगतो. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल दाबतो, दाबलेलं तेल नळकांड्यात शिरून दट्ट्या ढकलतं आणि दहा टनांचं ओझं एका दांडीच्या इशाऱ्यावर वर जातं. "पन खरी ताकद हातात नाय, पायात हाय," हे तो ठासून सांगणारच. उचलण्याआधी क्रेनचे चार लोखंडी पाय बाजूला पसरून टेकवायचे, चाकं अधांतरी करायची आणि जमीन मऊ असेल तर पायांखाली जाड फळ्या द्यायच्या. इतरांना एवढं शहाणपण शिकवणारा माणूस स्वतःच माती खाईल, असं कुणाला वाटलं असतं?

गेल्या फाल्गुनात जिते गावाजवळच्या खारबांधावर काम निघालं. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला जी उघाडी, म्हणजे झडपेची मोरी, असते, तिचं नवं लोखंडी दार बसवायचं होतं. हाताच्या खुणा करून क्रेन वळवणारा सिग्नलमन होता निडी गावचा पोपट. बांध पाहून तो म्हणाला, "दादा, फळ्या घालू या. भराव नवा हाय."

दिनानाथचा बाप मिठागरात राबलेला. तुडवलेला वाफा कडक झाला का, हे मिठागरातला माणूस टाच आपटून ओळखतो. दिनानाथनं तशीच टाच आपटली. "माझा बा या खारात जल्मला. मला जमीन शिकवतोस? चल, खूण दे."

पोपटनं खूण दिली.

टाच माणसाचं वजन सांगते. अख्ख्या क्रेनपुढे तिचा काय पाड! दार खाडीच्या अंगाला गेलं, क्रेनचा हात लांबला, तसा उजव्या बाजूचा भार वाढला आणि तिकडचा पाय हातभर रुतला. क्रेन कलंडली, दार खाडीत गेलं. खाली माणूस कोणी सापडलं नाही, एवढंच नशीब.

कंपनीच्या साहेबानं विचारलं, "फळ्या का नाही घातल्या?"

दिनानाथच्या तोंडून निघून गेलं, "पाय बसवायचं काम पोपटचं."

पोपटनं मान खाली घातली. संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

दोन महिने दिनानाथला अन्न गोड लागेना. आपण इतके नीच कसे झालो, हेच डोक्यात. शेवटी एका रविवारी तो गाडीनं निडीला उतरला. वाटभर घोकत होता : खोटं मी बोललो, उद्या साहेबापुढं चल, मी सांगतो.

पोपटच्या बायकोनं, अनितानं, खुर्ची दिली, चहा ठेवला. दिनानाथ तोंड उघडणार तोच पोपट म्हणाला, "दादा, मीच येनार व्हतो, पन तोंड दाखवायची लाज वाटत व्हती. तुमी नाय म्हनालात तरी फळ्या मी आनायलाच पायजे व्हत्या. खूण माझीच व्हती. माझ्यापायी तुमची क्रेन कलंडली. माफ करा."

"रोज ह्येच बोलतात, भावजी," अनिता म्हणाली.

दिनानाथच्या कानांत जाळ झाला. याहून सोपी वेळ देवानंही दिली नसती. आणि या गृहस्थानं काय करावं? पोपटच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे रे. मानूस चुकतो."

किती दिवसांनी यांचा चेहरा मोकळा झाला, असं म्हणत अनितानं दिनानाथच्या कपात आणखी चहा ओतला.