सुनेचा दुसरा फोन

सासूबाईंना सुनेच्या कामातलं ओ की ठो कळत नसे, पण ती कॉम्प्युटर उघडून बसली की त्या हटकून जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शिवण घेऊन बसत. जन्मभर शाळांचे गणवेश शिवलेल्या बाईला कामात रमलेले हात बघायला आवडत, मग काम कसलंही असो.

सुनेनं मुलं वाढवली, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण काढलं, आणि मुलं तिच्याहून उंच झाल्यावर जुन्या शिक्षणावरची धूळ झटकून पुन्हा अभ्यासाला बसली. नवं शिकून एका कंपनीत लागली. इस्पितळांच्या प्रयोगशाळांचे सर्व्हर ही कंपनी सांभाळे. नोकरी अजून कच्ची होती. कायम करायचं की नाही, ते साहेब महिनाअखेरीला ठरवणार होते.

त्या सकाळी साहेबांनी पहिल्यांदाच एक काम तिच्या एकटीवर सोपवलं. शनिवारी कंपनीतलं मधलं जोडणीचं यंत्र दुरुस्तीसाठी बंद राहणार होतं. बहुतेक सर्व्हर त्याच्यामार्फतच क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरच्या मोठ्या यंत्रणेला, जोडलेले होते, म्हणजे तेही बंद. पण एखादा सर्व्हर मध्यस्थाशिवाय थेट जोडलेला असेल तर तो चालूच राहणार, आणि तपासण्यांचं काम त्याच्यावर हलवता येणार. असे थेट जोडलेले सर्व्हर आहेत का, ते तिनं शोधायचं होतं. नसले, तर शनिवारी बोलावलेल्या सगळ्या रुग्णांना येऊ नका म्हणून कळवावं लागणार होतं.

सुनेनं कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत शोधाची कमांड लिहिली. उत्तर कोरं आलं. अक्षर न अक्षर तपासून पुन्हा लिहिली. पुन्हा कोरं. तिनं साहेबांना फोन करून सांगितलं, थेट जोडलेला एकही नाही. साहेब म्हणाले, ठीक आहे, जेवणानंतर रुग्णांना कळवायला सांगतो.

काम फत्ते झालं म्हणून मुलानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ताटं मांडायला घेतली. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. पण सून टेबल सोडेना. एकही कसा नाही, हे तिला खुपत होतं. तिनं थेट जोडलेल्यांची अट काढून टाकली आणि नुसतं विचारलं, आहेत ते सगळे दाखव. तरी कोरंच. सोमवारी तिनं स्वतःच्या हातानं जोडलेला सर्व्हरसुद्धा त्यात नव्हता.

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं तर सुनेचा चेहरा उतरला होता. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं.

"आई, तुमचा मुलगा फ्रिज उघडतो आणि लोणी संपलं म्हणून मोकळा होतो ना? तसं झालंय. लोणी आहे, मीच भलत्या कप्प्यात बघत बसले."

शिकत असताना सरावासाठी तिनं कमांड चालवणाऱ्या टूलला क्लाउडचा एक विभाग नेमून दिला होता. तो बदलायचा राहून गेला. टूल इमानेइतबारे तिथंच शोधत राहिलं. तिथं काही नव्हतं, म्हणून कोरं उत्तर देऊन गप्प बसलं. तिनं विभाग बदलला, तीच कमांड पुन्हा चालवली, आणि प्रयोगशाळांना पुरतील इतके थेट जोडलेले सर्व्हर भराभर ओळीनं उतरले. तिनं एकेकाची नोंद उघडून पाहिली.

नवऱ्याला तिची काळजी वाटली. तो म्हणाला की लगेच चूक झाली म्हणू नकोस. अजून कायम झालेली नाहीस. आणखी खोलात शोधलं तेव्हा सापडले, असं सांग. खोटंही नाही ते.

"तू लोण्याचं बघ," सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं तोवर फोन लावला होता. सर, मघाशी मी चुकीच्या विभागात शोधलं, माझं उत्तर चुकलं, रुग्णांना कळवू नका. इतकं सरळ, जसं एखादी बाई वाकडी शिवण उसवून समोर ठेवते. सासूबाईंच्या हातातली सुई तशीच थांबली. गणवेशांच्या कारखान्यात शेवटी चाळीस बायकांवर त्या देखरेख करत. त्यांतल्या किती जणी आपलं उसवलेलं काम आपण होऊन घेऊन आल्या होत्या, ते त्यांना चांगलं आठवत होतं.

 मग साहेबांनी विचारलं, आता बरोबर आहे हे कशावरून? सुनेनं सांगितलं, सोमवारी मी जोडलेला सर्व्हर आता दिसतोय. शिवाय प्रत्येक सर्व्हर थेट आहे की मध्यस्थामार्फत, हे एकेकाची नोंद उघडून पाहिलंय.

"बरं," साहेब म्हणाले. "मग शनिवारी काम हलवताना तुम्हीच बसा. मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही."

कायम करण्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. सुनेनं फोन ठेवला आणि तळवे साडीला पुसले.

शेजारीणबाई संध्याकाळी आल्या आणि नेहमीसारखं विचारलं, सूनबाई दिवसभर त्या डब्यासमोर करते तरी काय? एरवी सासूबाई कॉम्प्युटरचं काहीतरी, म्हणून वेळ मारून नेत. आज त्यांनी शिवण बाजूला ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "बसा, सांगते. जरा वेळ लागेल."