नांदेडच्या पार्लमेंटात माझं एक मत

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी टँकरजवळ घागर धरून उभा होतो.

"बाला, परवा नांदेडला येतोस का? आमचा एक खासदार आजारी पडलाय."

कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला खासदारकी अशी फोनवर मिळत असेल तर नाही कोण म्हणणार. नांदेडात तरुणांसाठी एक दिवसाची अभिरूप संसद होती, थेट लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्ससारखी. प्रज्ञा शिरूर अनंतपाळची, लातूरला राज्यशास्त्र शिकते. मी देवणीचा, तिच्याच वर्गातला, सरांशी भांडून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलो. खरं सांगतो, मला संसदेचं काही पडलं नव्हतं. परतताना तिला मनातलं विचारायचंच, एवढंच ठरवलं होतं.

देवणीहून नांदेडला उदगीरवरून सरळ जाता येतं. पण प्रज्ञा लातूरहून निघणार, म्हणून मी आदल्या दिवशी उलटा लातूरला गेलो. शहाण्यांनी असं करू नये. लातुरात तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं. मित्राच्या खोलीवर अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली.

सकाळची एसटी. अहमदपूर, लोहा करत चारेक तास, तिकीट दोनशेच्या आत. डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. बाहेर काळी रानं, भेगाच भेगा. अहमदपूरच्या स्टँडवर मिरचीभजी झकास, पण पाण्याची बाटली चहापेक्षा महाग.

प्रज्ञानं वाटेत माझी शिकवणी घेतली. "तिथं पंतप्रधानाला थेट कोणी निवडत नाही. एका मतदारसंघातून एक खासदार, ज्याला जास्त मतं तो. ज्याच्यामागं सभागृहात बहुमत, तो पंतप्रधान. बहुमत सरकलं की खुर्ची सरकली."

"आपल्यासारखंच की."

"आपण त्यांच्यासारखं."

"आणि राणी?"

"सही करते. बोलत नाही."

"आमच्या घरी उलटं हाय."

ती हसली. माझं तिकीट तिथंच वसूल.

मग तिनं एक चिठ्ठी दिली. ठराव लिहिलेला, खाली तीन रेघा. तीन रेघा म्हणजे पक्षाचा कडक हुकूम, मोडायचा नाही. ठराव होता, 'लातूरपासून तोडून उदगीर वेगळा जिल्हा करावा.' चिठ्ठ्या टाकून आम्ही सरकार पक्ष झालो होतो आणि ठराव समोरच्यांचा, म्हणजे आम्ही ठरावाच्या विरोधात. आणि प्रज्ञा आमची प्रतोद, मतं सांभाळणारी.

"देवणीचा माणूस शेजारच्या उदगीरच्या विरोधात? गावात तोंड कसं दाखवू?"

"तोंड बंदच ठेवायचंय. मी ज्या दारात उभी राहीन तिथून चालत जायचं, बस. सहा महिने तयारी केलीय मी, बाला."

आता तिला दुखवलं तर परतीचं विचारणंच संपलं.

नांदेडला पुलावरून गोदावरी पाहिली, नुसते दगड वर आलेले. गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो. पंगतीत बसा, पोटभर गरम रोटी-डाळ, पैसे कोणी मागत नाही. तिथून ऑटोनं सभागृह.

आत बाकं समोरासमोर, मधे जमिनीवर दोन लाल रेघा. तलवारीचं पातं पलीकडं पोचू नये एवढं अंतर, ही तिकडची जुनी रीत. मधल्या खुर्चीवर सभापती, एक निवृत्त प्राध्यापिका. कुणाला नावानं हाक मारायची नाही, बोलायचं ते सभापतींशीच.

आमचे पंतप्रधान, लातूर शहरातलं पोरगं, उठून म्हणाले, "देवणीहून लातूर काही लांब नाही."

टँकर मागायला आमच्या गावचे म्हातारे लातूरच्या कलेक्टर ऑफिसात जातात, अख्खा दिवस जातो. माझं डोकं फिरलं. "झूट बोलून राहिला हा."

"ऑर्डर, ऑर्डर. माननीय सदस्य, इथं कुणाला खोटारडं म्हणता येत नाही."

"मग काय म्हणू मॅडम?"

"माहिती अपुरी आहे, म्हणा."

"माननीय पंतप्रधानांची माहिती लई अपुरी हाय."

विरोधी बाकं थापांनी दणाणली. प्रज्ञानं कपाळाला हात लावला.

मग घंटा वाजली. तिथं खासदार बटण दाबत नाहीत, चालत जाऊन मत देतात. होयवाले उजव्या दारानं, नाहीवाले डाव्या. दारात मोजणारे उभे. निवडणुकीत आपलं मत पुठ्ठ्याआड, कुणाला दिसत नाही. पण आपण पाठवलेला माणूस कुठल्या दारानं गेला, हे सगळ्यांना दिसतं. हे मला फार आवडलं, आणि त्याच क्षणी फार जड गेलं.

"बाला, इकडं," प्रज्ञा डाव्या दारातून हलकेच म्हणाली.

मी उजवीकडं गेलो.

मतं समसमान पडली. मॅडम उठल्या. समसमान झालं तर सभापती आपलं मत बदलाच्या बाजूनं टाकत नाहीत, म्हणाल्या. बदल हवा तर सभागृहानं स्वतः बहुमत जमवावं. त्यांनी नाही म्हटलं. ठराव पडला, सरकार वाचलं.

परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत ती मतांची यादी तपासत बसली. मग म्हणाली, "तुला पक्षातून काढलंय."

"माहीत हाय." आणि जे विचारायचं होतं ते तिथंच, खड्ड्यात बस आदळताना विचारून टाकलं.

तिनं यादी घडी घालून पिशवीत ठेवली. "माझ्या दारातून आला असतास, तर आज सरळ नाही म्हणाले असते. मागं मागं फिरणारा माणूस मला नको. आता विचार करीन. लगेच हाव म्हणतेय असं समजू नको."

तसं मी समजलो नाही. फक्त अहमदपूरला दोघांची भजी मी घेतली.

जाणाऱ्यांनी एवढं करा: पाणी सोबत न्या, आणि मत आधी ठरवून जा. उदगीर जिल्हा अजून झाला नाही. टँकर अजून उशिरानंच येतो. पण आता ग्रामसभेत मी मागं उभा राहत नाही.

घरी पोचलो तर बाबा दारातच. "काय झालं तुमच्या पार्लमेंटात?"

"हरलो."

"मग दात का काढून राहिला?"