थोरलीसारखी थीम

भरतकाम करणाऱ्या थोरल्या जावेचे नमुने धाकटीने आपल्या ब्लॉगवर स्वतःच्या नावाने खपवले. सर्व्हरवर भाड्याने जागा घेऊन थोरलीने स्वतःचा ब्लॉग थाटला, वर ब्लॉगच्या सजावटीची विकतची देखणी थीम चढवली.

धाकटीचा जळफळाट झाला. "ताई, कुठून घेतली हो ही?"

थोरलीने दुकान गोडीगुलाबीने सांगितलं. धाकटीने तीच महागडी थीम घेतली. पण तिचा ब्लॉग पडला ब्लॉग पुरवणाऱ्या कंपनीच्या फुकट जागेवर; तिथे बाहेरची थीम चालतच नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं ना? मग सांगायचं नाही?"

"होतं की," थोरली सुईत दोरा ओवत म्हणाली. "पण माझं सगळंच तुझ्या ब्लॉगवर खपतं. म्हटलं, हीही खपेल."